पळसाला पानं तीन

सतरा मार्चला आमच्या गावात हिरवं असं काही उरत नाही.
हरभरा निघाला, गहू पोत्यात गेला,
पऱ्हाट्या चुलीमागं रचून झाल्या,
आणि पळस, सगळी पानं झाडून,
नुसताच पेटून उभा.

तरी आम्ही पॅट्रिकचा दिवस करतो.
सासूबाई मिशनच्या दवाखान्यात आया होत्या,
नोराबाईंच्या हाताखाली. नोराबाई आयर्लंडच्या.
कायमचं परत जाताना त्यांनी
तीन पानांचं एक इवलंसं डहाळं
सासूबाईंच्या बायबलात ठेवून दिलं.
चाळीस वर्षांत त्याला चहाच्या चोथ्याचा रंग आला.
यंदा योनानं बोट लावलं,
आणि तिन्ही पानं भुकटी होऊन
ओळींच्या मधल्या जागेत सांडली.
योनानं फुंकर मारली.
सलोमीनं त्याला चापट मारली.
सण असा सुरू झाला.

उपकेंद्राचा हिरवा पडदा मी धुवायला आणला होता,
तो दोघांनी अंगाभोवती गुंडाळून घेतला.
हिरवं जेवण म्हणून मिरचीचा ठेचा अन् भाकर;
उपवासाचे दिवस, गोडाचं नाव नाही.
शेजारचा जंगू बकऱ्या कोंडून आला,
दाराशीच बसला, उंबऱ्याच्या बाहेर पाय ठेवून.

मी सांगितलं, पॅट्रिकनं सगळे साप समुद्रात लोटले.
"मंग उंदरं कोन खाते तिकडं?" योनाला काळजी.
जंगू म्हणाला, "सापाले काहून हाकलाव?
तो आपल्या वाटेनं जाते."
यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं,
म्हणून मी पानाकडे वळले.
एका देठाला तीन पानं, तरी पान एकच,
असं दाखवून तो देव समजावून सांगायचा, म्हणाले.
पण दाखवायला पान कुठं होतं?

जंगू उठला, काही न बोलता गेला.
नाल्यापलीकडं कुणी तरी पळस तोडलाय,
त्याच्या बुंध्याला फुटवे आलेत,
हे फक्त बकऱ्यांना आणि त्याला माहीत.
आणलं ते पान केवढं!
योनाचं तोंड झाकून वर उरेल एवढं.
"कुठंही जा," मी म्हणाले,
आणि तिघं एका सुरात ओरडले, "पळसाला पानं तीनच!"
ही म्हण मी आजवर सुस्कारा टाकतच म्हणत आले होते.

मग भांडण. मधलं पान मोठं,
म्हणून ते बापाचं, असं सलोमी म्हणते.
मधलं म्हणजे लेकराचं, योना अडून बसलेला.
जंगूनं पान जमिनीवर पसरलं
आणि तिन्ही दलांवर ठेचा वाढायला सांगितला.
मधल्यावर तो स्वतःच जेवला.

हात धुताना त्यानं विचारलं,
"तो पॅट्रिक कितीचा होता, पकडून नेला तवा?"
सोळाचा.
"अन् तिकडं का करे?"
मेंढ्या राखायचा. रात्री माळावर एकटा, गारठ्यात.
"माहा दादाबी सोळाचा. वीटभट्टीवर हाये, तेलंगणात.
उचल फिटली नाई अजून."
थोडं थांबून,
"मंग तो पॅट्रिक आला का घरी?"

आला. सहा वर्षांनी. पळून.
एवढंच मी सांगितलं.
पुढं तो आपण होऊन त्याच मुलखात परत गेला,
ज्यांनी राबवलं त्यांच्यातच राहिला,
खरा संत त्यामुळंच झाला,
हे दरवर्षी सांगते ते
आज गिळून टाकलं.

जंगू बोटांवर काही मोजत गेला.
पोरं पडद्यातच झोपली.
मी पान पुसलं, बायबलात ठेवू पाहिलं,
ते तिन्ही बाजूंनी बाहेर आलं, पुस्तक मिटेना.

बाहेर पांढरकवड्याची शेवटची गाडी
हातपंपापाशी थांबली, कुणी उतरलं नाही.
जंगूची आई तिथं उभी होती,
घागर केव्हाच भरलेली.
त्या सहा वर्षांत पॅट्रिकची आई
संध्याकाळी कुठं उभी राहायची,
हे नोराबाईंनी कधी सांगितलं नाही,
आणि सासूबाईंनीही विचारलं नसावं.