पहिला रकाना

रुजू झाले तेव्हा आधीच्या सहा वर्षांचं रजिस्टर
माझ्यासमोर ठेवलं गेलं, लाल कापडात बांधलेलं.
घटना : निरंक.
घटना : निरंक.
पानं इतकी कोरी
की वाळवीनेसुद्धा तोंड लावलं नव्हतं.

आमची धावपट्टी छोटी, शिकाऊ पोरांची.
एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला जंगल,
मधे वाऱ्याची दिशा सांगणारा कापडी मोजा,
टोकाला फाटलेला.

फॉर्मचा पहिला रकाना होता : दोषी कोण?
वेळ, ठिकाण, काय झालं, हे सगळं त्याच्यानंतर.
हँगरमधला ढिवरू कुमरे एकदा म्हणाला,
"मॅडम, पह्यलाच रकाना भरला
का मंग पुढचे भराले मानूस रायते कुठी?"

त्या रात्री पट्टी धरून मी तो रकाना कापला.
तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडून नवे फॉर्म आणले,
दोन रुपयाला एक.

तीन आठवडे डबा रिकामा.
मग एक चिठ्ठी, फॉर्म नव्हेच,
बिडीच्या बंडलाचा कागद :
दहा नंबरचा पाना तीन दिवस दिसत नव्हता.
विमान रोज उडत होतं.
पाना इंजिनाच्या खाली भेटला.
मी सांगितलो नाई. कुमरे.

मी दार लावून घेतलं
आणि ते तीन दिवस
एकेक करून आठवले. कोण कोण उडालं होतं.

आता भिंतीवर फळी आहे,
प्रत्येक पान्याची आकृती पिवळ्या रंगात.
संध्याकाळी एक जरी आकृती उघडी दिसली
तर घरी कुणी जात नाही. मीही.

डबा भरू लागला.
रोही, पहाटे, धावपट्टीच्या मधोमध.
रोही, पुन्हा.
कुंपण फाटलं. शिवलं. फाटलं.
चौथ्यांदा शिवलं त्या रात्री
मी तिथेच जाऊन बसले, टॉर्च विझवून.

साडेचारला बाया आल्या, डोक्यावर टोपल्या.
पुढे रायवंताबाई उईके.
मला पाहून ती पळाली नाही.
"तार आमीच तोडली.
मोहाचं झाड तुमच्यात गेलं, बाई,
आमी नाई आलो तुमच्यात."

झाडाखाली फुलं पडत होती.
तो वास रोह्यालाही येत असणार,
आणि फट तर उघडीच.

तीन पत्रं, दोन स्मरणपत्रं, एक मोजणी.
पुढच्या फुलांच्या आधी कुंपण बावीस फूट आत आलं.
झाड बाहेर राहिलं.

चैत्रात मुख्यालयाचा फोन :
"तुमच्या काळात घटना फारच वाढल्या.
शून्यावरून एकतीस?"
हो, म्हटलं.
आणखी बरंच सांगायचं होतं,
पण रेडिओवर निकिता पेंदाम उतरायची परवानगी मागत होती,
पहिल्यांदाच एकटी.

बाहेर आले. चाकं टेकली,
विमान एकदा उसळलं, मग टेकलं.
कुंपणापलीकडे रायवंताबाईने
मान वर केली, परत फुलांत घातली.

ढिवरू फळीसमोर उभा राहून बोटाने मोजू लागला.
मी रजिस्टर उघडलं.
बत्तीस. उतरताना एक उसळी.
कशामुळे...
आणि पेन उघडंच ठेवून
तिच्या पावलांची वाट पाहत बसले.