उसवण

क्लबाला शंभर वर्षं होतायत, स्मरणिका काढू, म्हणाले,
तू बरं लिहितोस, इतिहास तूच लिही.
कार्यालयात मिळालं एक बुटांचं खोकं.
त्यात तीन शिट्ट्या, न वाचता सही केलेला एक करार
आणि अडतीस सालचा फोटो, अकरा जणांचा.
डावीकडच्या शेवटच्या माणसाचा चेहरा
कुणीतरी नखानं खरवडलेला.

मग पेत्रोनेलेकडे गेलो.
एकावन्न वर्षं तिनं संघाच्या जर्सी धुतल्या.
म्हणाली, बस, आधी बीटाचं गार सूप घे,
इतिहास काही उतू जात नाही.

सात बारशी झाली रे या क्लबाची, आणि पाळणा तोच:
नदीकाठचं मैदान, उत्तरेच्या गोलकडे किंचित कललेलं.
पहिलं नाव ससाणा.
मग सैन्य आलं आणि आम्ही झालो 'लाल जवस'.
जवसाला फूल निळं येतं,
हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. बोललं कुणी नाही.
मग लिननच्या गिरणीचं नाव, मग मंत्रालयातल्या कुठल्याशा खात्याचं,
नव्वद साली पुन्हा ससाणा,
मग सॉसेज विकणाऱ्या एका माणसाचं आडनाव,
मग बँक.
मखमली निशाण मात्र एकच. दर वेळी जुनं नाव उसवायचं,
नवं घालायचं.
उजेडात धरलं तिनं ते माझ्यापुढे:
सुईची भोकं, भोकांवर भोकं,
एकही अक्षर धड लागत नाही.

मी टाके ढिलेच घालते, ती म्हणाली.
पुढचीला सोपं जातं.

आणि हा फोटोतला?
हिर्श. शिंप्याचा मुलगा. डाव्या पायाचा, वाऱ्यासारखा.
एकेचाळीसच्या उन्हाळ्यानंतर कुणी पाहिला नाही.
गोलमध्ये उभा आहे तो इपोलितास, माझा बाप.
चेहरा त्यानंच खरवडला.
मित्र ओळखू येऊ नये म्हणून,
की मित्र होता हेच कळू नये म्हणून,
ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.
पुढे त्यालाही गुरांच्या डब्यातून नेलं, पार बर्फापलीकडे.
सात वर्षांनी आला तो दोन बोटं तिथंच ठेवून.
कुठली दोन, हे मी लहानपणी
फोटो हातात घेऊन बघायचे.

तिनं सूप पुन्हा वाढलं. वर शेपू.

बाकी लिहिण्यासारखं काय, तर
या देशात पोरं चेंडू आधी हातात धरतात.
बास्केटबॉलला छप्पर असतं, आमच्याकडे मार्चमध्ये
गिरणीतल्या बायका फावडी घेऊन बर्फ उपसायच्या,
तेव्हा कुठे पेनल्टीची रेघ सापडायची.
सदुसष्टचा जिल्हा चषक, तो एकच.
एकोणनव्वदच्या ऑगस्टात सामनाच झाला नाही.
सगळा संघ, राखीव पोरांसकट,
महामार्गावर अनोळखी माणसांचे हात धरून उभा होता,
छातीवर खात्याचं नाव तसंच.
त्या जर्सींना घामाचा वास नव्हता. डांबराचा होता.
दोनदा धुतल्या, गेला नाही.

आणि बँक?
बँक बुधवारी बुडाली, शनिवारी सामना होता.
नाव ठेवाल तर खटला भरू, असं फॅक्सवर आलं.
दोन रात्री ती एकटी बसली कात्रीची टोकं घेऊन,
अठरा जर्सी, अठरा छात्या.
शनिवारी पोरं मैदानात उतरली ती कोरी.
तो सामना मी पाहिला होता, तेव्हा नऊ वर्षांचा असेन,
आजोबांच्या कोटाच्या खिशात हात घालून.
सगळी मिळून शंभर-सव्वाशे माणसं,
आणि काय ओरडायचं ते कुणालाच कळेना.
ससाणा म्हणावं तर ते केव्हाच उसवलेलं,
बँकेचं नाव घ्यावं तर पगार तिच्यातच अडकलेले.
कॉर्नर मिळाला तेव्हा मागून एक म्हातारा
घसा खाकरून एवढंच म्हणाला, "आपले!"
मग आणखी दोघं. मग आजोबा,
जे घरीसुद्धा मोठ्यानं बोलत नसत.

चार-शून्य हरलो.