आकस

उद्यमनगरात मी लाकडाचे नमुने करतो.
पंपाचं पोट, गिअरचा डबा, क्वचित एखादी घंटा.
ओतलेलं लोखंड थिजताना आकसतं,
म्हणून नमुना थोडा मोठा धरावा लागतो, शंभराला एक.
त्यासाठी माझी पट्टीच खोटी आहे.
तिच्यावरचा इंच इंचापेक्षा मोठा.

त्याच पट्टीनं रात्री कादंबरी लिहितो,
डिलिव्हरी चलनांच्या पाठकोऱ्या बाजूवर.

साल अठराशे ब्याऐंशी.
पंचगंगेच्या घाटाखाली बारा बॉयलर पुरलेत,
उसाच्या चिपाडावर पेटणारे.
गावभर तांब्याच्या नळ्या, वाफेला काकवीचा वास.
गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर
एक पितळी माणूस धारोष्ण मोजून देतो,
मापात मारत नाही,
म्हणून त्याच्यावर कुणाचा विश्वास नाही.
आणि पन्हाळ्यावर, तीन दरवाज्याच्या माथ्याला
रेशमाचा फुगा दोरांना हिसके देतोय.
खाली जैबून शिकलगार.
बाप तलवारींना धार लावायचा, ही झडपा घासते.

पहिल्या खर्ड्यात विलायतेची राणी होती,
दोन लाटसाहेब, एक दाढीवाला शास्त्रज्ञ,
सगळे खरे, छापील नावांचे.
आले ते सरळ मधल्या खुर्च्यांवर बसले.
जैबून समासाला टेकून उभी, हातात तेलाची बुधली.
तीन रात्री तिच्या तोंडी मला वाक्य सुचेना.
चौथ्या रात्री त्यांची पानं भट्टीत सारली.
आता राणी फक्त रुपयावर आहे
आणि रुपयाला भोक पाडून
जैबूननं झडपेखाली वायसर म्हणून बसवलाय.

आमचा मोल्डर पिरगोंडा
जेवणाच्या सुट्टीत हे वाचतो, वाळूच्या बोटांनी.
म्हणाला, "मर्दा, असं काय झालंच नव्हतं की."
नव्हतं, म्हटलं.
"मग कुणावर आकस धरलायस?"

मी पट्टी त्याच्या हातात दिली.
माझा खापरपणजा दरबारच्या तोफखान्यात भाता ओढायचा.
सगळा जन्म, दोन्ही खांदे, एक जळलेली भुवई.
थिजून थिजून कागदावर उरलाय एवढाच:
भातेवाला, इसम एक.
आता सांग, त्याचा नमुना करायचा
तर कितीनं मोठा धरू?

पिरगोंडानं पट्टी उन्हात धरून पाहिली, परत दिली.
डबा मिटता मिटता म्हणाला,
"ते असू दे. पण जुलैत नदी अख्खा घाट गिळती.
तुझं बॉयलर विझणार की रं."

खरं होतं.
त्या रात्री बाराच्या बारा उपसून
टेंबलाईच्या टेकडीवर चढवले.
चिखल, दोरखंड, कंदील, पहाटेचे चार.
इसम एक लागला.