शून्य तिकीट

आमट्याची वस्तीची गाडी
रात्रभर रवळनाथाच्या देवळापुढं उभी असते.
मागच्या लांब सीटवर ईरण्णा ड्रायव्हर
डोक्यावरून चादर ओढून झोपतो.
काचांवर दव, टपावर जांभळाची पानं.
पावणेसहाला तो इंजिन घुरघुरवतो
तेव्हा कोंबडे ओरडायचं थांबतात.
त्यांचं काम झालेलं असतं.

पाटी कानडीत. मला वाचता येत नाही.
मी गाडी ओळखते तिच्या डाव्या गालावरच्या पोच्यावरून
आणि शिवलीला कंडक्टरच्या हाकेवरून :
'मुंद होग्री, पुढं सरका, मुंद, मुंद!'
दोन भाषा, धक्का एकच.

आधार कार्ड दाखवते. ती यंत्र दाबते.
कर्रकर्र करत वीतभर कागद बाहेर येतो.
त्यावरचं एकच मला वाचता येतं :
शून्य.
त्यांचं शून्य आणि आपलं शून्य,
तसूभर फरक नाही.
इतकी वर्षं भांडलो,
तरी कुणाला त्याला कोपरा काढता आला नाही.

मष्णूची रताळ्यांची दोन पोती (त्यांना मात्र तिकीट),
इनासची दुधाची किटली,
मेहबूबीच्या मांडीवर तिचा नातू
आणि ज्याची आई उभी आहे असा आणखी एक.
मी मोजते.
ब्लाउज शिवणाऱ्या बाईला मोजल्याशिवाय करमत नाही.
जांबोटीला बासष्ट. किणयेपर्यंत सत्तर.
धूर हीपण सोडते, खोटं कशाला बोलू,
चढावर तर चांगला काळा.
पण एका धुराचे सत्तर वाटे करा.
माझ्या वाट्याला येतो
उदबत्ती विझताना निघतो तेवढा.

लुमाण्णानं मोटार घेतली. पांढरी.
रोज सकाळी आमच्या मागं हॉर्न देत येतो,
एकटा,
चार रिकाम्या सीटांना बेळगाव दाखवायला.
रस्ता अरुंद आहे, म्हणाला पंचायतीत.
अर्ज झाला. सह्या झाल्या.
मीही केली. वर काय लिहिलंय ते कानडीत होतं.

मग टेप घेऊन माणसं आली.
मीही कापायच्या आधीच माप घेते,
म्हणून मला लगेच कळलं.
सालींवर लाल रंगात आकडे.
स्टॉपवरचं जांभूळ : एकशे अठरा.

एकदा लुमाण्णाची मोटार चालूच होईना.
आमच्यात उभा राहिला, दांडीला लोंबत.
स्वतःचे पैसे मोजले, माझा कागद बघितला,
'फुकट!' म्हणाला.
मी खांदा आकसून त्याला जागा दिली.
तीपण फुकट.

शिवलीला सांगत होती,
डेपोत बोलणं चाललंय, ही गाडी तोट्यात,
तुमचं शून्यच जास्त.
म्हटलं, बाई, हे सत्तरजण
सत्तर मोटारींत बसव एकदा.
पहिली नाका ओलांडेल
तरी शेवटची देवळापाशीच हॉर्न देत असेल.
मग रस्त्याला किती झाडं लागतील ते मोज
आणि तो आकडा लिही तोट्याच्या वहीत.
'मी कुठली साहेब, अक्का,' ती हसली
आणि दोनदा घंटी ओढली.

पर्समध्ये कापडावर खुणा करायचा खडू असतोच.
आज गाडीला उशीर होता.
जांभळापाशी गेले.
साल खडबडीत, खडू धड उमटेना.
एकशे अठराच्या भोवती
एक मोठं शून्य काढायला घेतलं.
पाऊस आला तर जाईल, माहीत आहे.
त्यांचा रंग तेलाचा आहे.
अर्धं झालं, तोवर
वळणावर तो पोचा दिसला.
'मुंद होग्री!'

खडू मुठीत तसाच धरून चढले.
कार्ड डाव्या हातानं दाखवलं.