दोन बोटं

कायानीच्या उत्तरेला, जूनमध्येही गारठा न सोडणाऱ्या शेडमध्ये
आउलिक्कीने एक्क्याऐंशी सालची गाडी स्टँडवर चढवली आहे.
पार नॉर्वेच्या टोकापर्यंत जाऊन आलेली.
तिचा पुढचा ब्रेक गेली काही वर्षं
ब्रेक नव्हता, विनंती होती.

खोक्यात नवा कॅलिपर, वीस वर्षांनी धाकट्या गाडीचा.
भोकं जुळत नाहीत. अडीच मिलिमीटर.
"माझ्यात नि एइनोत याहून जास्त होतं,
तेही घासून घासून बसलं,"
म्हणत ती कानस उचलते.

मी बॅटरी धरून उभा.
धातूचा कीस तिच्या कॉफीत पडतो, ती फुंकर मारून पिते.
माशाच्या डब्याचं झाकण कापून वॉशर केला.
जुना बोल्ट सुटताना असा किंचाळला
की शेजारचं कुत्रं उठून बसलं.

संध्याकाळी, म्हणजे घड्याळातल्या, उजेड होता तसाच,
ती तळ्याकाठच्या डांबरी रस्त्याला लागली
आणि पहिल्याच वळणाआधी
चारही बोटांनी ब्रेक ओढला, जन्मभर ओढत आली तसा.

गाडीने नाक खुपसलं. मागचं चाक वीतभर वर.
मी धावलो.
हेल्मेटच्या आत ती हसत होती
की शिव्या देत होती, कळेना.

हल्ली जेवताना बघतो:
कप, पावाची सुरी, दाराची कडी,
सगळं दोनच बोटांनी.
"गाडीचं झालं," म्हणते,
"हाताचं काम राहिलंय."

जुना कॅलिपर कुठे गेला, मी विचारत नाही.
खिडकीतली बिलं उडू नयेत म्हणून
त्यांच्यावर काहीतरी काळं, जड ठेवलंय.