आठवी उडी

सिमकार्डं सगळी काढून
तपकिरीच्या रिकाम्या डबीत घातली.
आता हे आठ फोन कुठल्याच कंपनीचे नाहीत.
फक्त एकमेकांचे,
हाकेच्या अंतरावर.

पहिला माझ्या हातात, गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर.
दुसरा येसबा गवळ्याच्या बंडीच्या खिशात.
"ह्येनं करायचं काय?"
काही नाही तात्या, नुसतं हितं उभं राहायचं.
"त्ये तर मी तीस वर्सं करतोय."

बाकीचे पुढं, पानपट्टी, सायकलवाला, स्टँडावरचा हमाल,
आणि शेवटचा नंदिनी सणगरकडं, रंकाळा टॉवरपाशी.
आमच्या जाळ्यातला एकुलता एक टॉवर,
तोही दगडी.

निरोप सोडला: जेवलीस का?
गेला नाही.
तात्याची म्हैस आडवी उभी होती.
म्हशीत पाणी फार, लहरी पिऊन टाकते ती.
हे वाचलं होतं,
पण तिनं रवंथ करत माझ्याकडं बघेपर्यंत
पटलं नव्हतं.
"सर गं बाई," तात्या म्हणाला.
ती दोन पावलं सरली,
आणि निरोप निघाला,
खिशातून खिशात, कुलूपबंद,
पंगतीत हातोहात मिठाची वाटी सरकावी तसा.

नंदिनीचं उत्तर आलं:
कुठलं जेवण, तूच उभं केलंयस ना इथं!
खाली बारीक अक्षरात: उड्या आठ.

आठ फोनांत उड्या सात.
बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं.
मग वाटेची नोंद उघडली.
चौथ्या आणि पाचव्याच्या मधे,
रंकाळवेशीत, जिथं मी मुद्दाम फट सोडली होती,
तिथं होता सतरा नंबर.

सतरा नंबर इर्शाद शिकलगारचा.
त्याची अँटेना मी डाग दिलेली, माझ्या हातानं,
महापुराच्या साली, उद्यमनगरच्या पोटमाळ्यावर,
जेव्हा मनोऱ्यांचं डिझेल संपलं
आणि शाहूपुरीतली हाक शुक्रवार पेठेत पोचेना.
तेव्हा आम्ही दोघांनी हे जाळं विणायला घेतलं.
मग बिनसलं.
साडेचार हजारांच्या सोल्डरिंग मशीनवरून.
हसू नका.

चार वर्षं झाली.
तो पलीकडच्या फुटपाथनं जातो, मी अलीकडच्या.
आणि ह्या गड्यानं ते ॲप
अजून काढलेलं नाही.

त्याला कळलंही नसेल.
फोन उशाशी पडला असेल, चार्जिंगला,
आणि माझं 'जेवलीस का'
त्याच्या झोपेवरून पलीकडं गेलं असेल,
न वाचता, न विचारता
कुणाचं, कुणाला.

मी लिहिलं: सतरा नंबर, जागा आहेस का?
बराच वेळ अंगठा वरच्यावर.
मग दाबलं.
पडद्यावर आलं: पुढच्या फोनच्या शोधात.

"झालं का रं तुझं?" येसबातात्यानं दावं सोडलं.
"म्हशीला घरला न्यायचीय."

थांबा तात्या.
अजून जरा
उभं राहा.