दुभाष्याचा जबाब

वकील मोत्लात्सी फाफोली यांची पहिली पाटी
मीच ठोकली, मासेरूत,
चांभाराच्या दुकानावरच्या खोलीला.
एक खिळा वाकडा गेला. ते म्हणाले, राहू दे,
अशील मान वाकडी करून वाचतील,
नाव लक्षात राहील.

पहिल्या खटल्याची फी : वाळवलेल्या पीचचं अर्धं पोतं.
चोरीला गेलेली गाय काही सापडली नाही,
आम्ही मात्र हिवाळाभर पीच चघळत
पॅराफिनच्या शेगडीपाशी कायदा वाचला.

माझं काम साधं.
साक्षीदार सेसोथोत बोलणार,
न्यायमूर्तींना ते इंग्रजीत पोचणार,
मधल्या हवेत मी.

मग धरण आलं. हा-मोलापो पाण्याखाली गेलं.
सरकारी यादीत घरं होती, गोठे होते,
कबरीसुद्धा होत्या, नगावर.
फळझाडं नव्हती.
मा-थाकाने घोंगडी सावरत पिंजऱ्यात उभी राहिली
आणि म्हणाली, त्रेचाळीस.
कशावरून? सरकारी वकिलानं विचारलं.
तुझी पोरं तू कशावरून मोजतोस?
मी ते इंग्रजीत केलं
आणि टंकलेखिकेची बोटं हवेतच राहिली.

सात वर्षं.
फाफोली कधी आवाज चढवत नसत.
समोरचा खोटं बोलू लागला की फक्त चष्मा काढत,
कोटाच्या टोकानं पुसत बसत,
तो गप्प होईपर्यंत.

निकाल लागला : त्रेचाळीस झाडं,
दर झाडामागे वीस हंगामांची फळं.
त्या दिवशी लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं
आणि खाली उतरवायचं राहूनच गेलं.
खांद्यावरून मतपेटीत, मतपेटीतून मंत्रालयात.
जलसंपदा मंत्री.
मलाही नोकरी लागली, पेन्शनची.
हेही जबाबात लिहा.

दुसरं धरण, त्याच नदीवर, आणखी वर.
पॉपलरच्या झाडांखाली सभा.
मंत्री उठले, कागद उलगडला
आणि इंग्रजीत बोलू लागले.
शेजारच्या देशाचे पाहुणे होते. त्यांच्यासाठी असेल.
ज्या माणसाबरोबर मी तीस वर्षं सेसोथोत हसलो
त्याचं मी सेसोथोत भाषांतर करत होतो.

मागून एका पोरानं विचारलं, आणि झाडं?
फाफोलींनी चष्मा काढला.
मी ओळखलं. हात त्यांचे, चष्मा त्यांचा,
फक्त या खेपेला समोर कुणी साक्षीदार नव्हता.
म्हणाले, हा विषय विचाराधीन आहे.

आता हे कसं सांगायचं?
आमच्या डोंगरात विचार असा एकटा हिंडत नाही,
बरोबर माणूस लागतो.
मी म्हटलं : न्ताते स्वतः विचार करत आहेत.
लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकांनी आरोळी दिली.
ते माझ्याकडे बघत राहिले.
दुरुस्त करता आलं असतं त्यांना, एका शब्दात.
त्यांनी केलं नाही. खाली बसले.
आणि महिन्याभरात सही.

मग सरकार पडलं. पडतात.
पांढरी गाडी गेली, खोली तीच राहिली,
खाली आता चांभार नाही, मोबाईल दुरुस्त करणारा बसतो.
पाटी पुन्हा मीच लावली. खिळे सरळ गेले.
चहा ओतता ओतता ते म्हणाले,
त्या दिवशी तू चुकीचं भाषांतर केलंस.
मी म्हटलं, हो.
मग बराच वेळ चहाच.

मंगळवारी जिन्यावर एक बाई आली, वरच्या खोऱ्यातली,
पाठीवर पोतं. वास ओळखीचा.
सरकारच्या कागदावर सही फाफोलींची,
म्हणजे वकील म्हणून त्यांना उभं राहता येत नाही.
खटला त्यांची ज्युनियर चालवेल, न्थाबेलेंग,
चोवीस वर्षांची, आवाज चढवणारी.
ते साक्षीदार.
सेसोथोत साक्ष देणार म्हणालेत.
म्हणजे मधल्या हवेत पुन्हा मीच.

झाडं किती, त्यांनी बाईला विचारलं.
तिनं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं,
खोडलं, पुन्हा विचारलं, पुन्हा लिहिलं.
आकडा मी इथे सांगत नाही.
खटला चालू आहे.